दोन अर्ध्या डब्या

२ फेब्रुवारी

कापडवाल्याने दिलेली डायरी महिनाभर कोरीच पडून होती. आजपासून लिहिते. साखरेचे आकडे लिहायची वही वेगळी आहे, ती चिरंजीवांना फोनवर वाचून दाखवायची असते. जे आकड्यांत बसत नाही ते इथे.

चिरंजीव म्हणजे माझा भाचा, वहिनींचा एकुलता एक. दादा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. मी पडदे शिवते. वहिनी स्वयंपाक बघतात आणि उरलेल्या वेळात मला नावं ठेवतात. गेल्या खेपेला चिरंजीव आले ते वहिनींची साखर मोजायचं मशीन घेऊन, आणि जाताना दारात उभे राहून म्हणाले, "आत्या, मार्चपर्यंत आईची साखर ताळ्यावर आली तर ठीक. नाही तर मी तिला तिकडे घेऊन जातो. तुझ्याच्याने होत नाही हे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही."

मी लाजले नाही, मला राग आला. राग ओसरल्यावर भीती वाटली. वहिनी गेल्या तर मी बोलायचं कुणाशी? शिलाई मशीन आहे, पण ते ऐकून घेत नाही, आपलंच चालू ठेवतं.

साखरेचं मशीन तसं सरळ आहे. पट्ट्यांची डबी येते, तिच्याबरोबर नखाएवढी एक चिप येते. चिप मशीनच्या कडेला खाचेत बसवायची. पट्टी घातली की समोर एक नंबर दिसतो, तोच डबीवर छापलेला असायला हवा. सध्या सतरा आहे. वहिनींना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचते, "मशीन सतरा, डबी सतरा." वहिनी म्हणतात, "जमलं जोडप्याचं. आता टोचा." हे रोजचंच. मग आकडा बघायचा, नाश्त्याआधी इन्सुलिन द्यायचं. आज उपाशीपोटी १२४. चिरंजीव म्हणाले, "असंच ठेव." मी काय ठेवणार, पण मान डोलावली.

७ फेब्रुवारी

पट्ट्या संपत आल्या म्हणून औषधांच्या दुकानातून नवीन डबी आणली. दुकानातल्या चष्मेवालीने बजावलं, "चिप बदला हं आजी, या डबीचा कोड वेगळा आहे." मला आजी म्हणाली ते मी सोडून दिलं. घरी येऊन पहिलं काम चिप बदलण्याचं केलं. आता मशीन पंचवीस, डबी पंचवीस.

जुन्या डबीत बऱ्याच पट्ट्या शिल्लक होत्या. एका जिनसाच्या दोन अर्ध्या डब्या घरात असणं मला बघवत नाही, आईची शिकवण. डाळ असो, टाचण्या असोत, अर्ध्यात अर्धं ओतावं आणि एक डबी मोकळी करावी. तेच केलं. नवी डबी गच्च भरली आणि जुनी रिकामी झाली, तिच्यात शिलाई मशीनच्या सुया ठेवल्या. झाकण इतकं घट्ट बसतं की सुयांना गंज चढायचा नाही. वहिनींना दाखवलं तर म्हणाल्या, "तुम्ही मला पण एखाद्या डबीत ओताल एक दिवस."

१० फेब्रुवारी

आज १८३. काल ११९ होती. रात्री दोघींनी एकाच भांड्यातली भाजी खाल्ली. "वहिनी, काही खाल्लंत का मधे?" असं विचारलं तर म्हणाल्या, "पाणी. ते गोड लागलं हे खरं."

चिरंजीवांना १८३ सांगितलं. पलीकडून नुसतं "हं." मला फोनवरच्या त्या "हं"चा फार त्रास होतो.

११ फेब्रुवारी

१२२. देव पावला.

१२ फेब्रुवारी

१९०. देवाने परत घेतलं.

१५ फेब्रुवारी

मला काही कळेनासं झालंय. एक दिवस वर, एक दिवस खाली, कधी दोन दिवस वर. मी कारणं शोधून शोधून दमले. आधी वाटलं काकडीने चढते. काकडी बंद केली तरी चढली. मग वाटलं चिरंजीवांचा फोन आला की चढते. तो तर रोजच येतो. झोप लागली नाही की चढते म्हणावं, तर ज्या दिवशी वहिनी घोरल्या त्याच दिवशी १८७. पंखा, उशी, चालायला गेलो तो रस्ता, सगळं बदलून पाहिलं.

दुकानात जाऊन चष्मेवालीला विचारलं. ती म्हणाली, "कोड जुळतोय ना?" म्हटलं, रोज मोठ्याने वाचते, पंचवीसला पंचवीस. "मग मशीन बरोबर आहे. खाण्यावर लक्ष ठेवा." वरून हसली. त्या हसण्याचा अर्थ मला कळला. सगळी म्हातारी माणसं चोरून खातात असं तिला वाटतं.

आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलंय.

१६ फेब्रुवारी

साखरेचा डबा शिलाई मशीनच्या खणात टाकून कुलूप लावलं, किल्ली माझ्या गळ्यात. बिस्किटांचा डबा अशा ठिकाणी ठेवलाय की इथेही लिहीत नाही. वहिनी झोपल्या आहेत असं बघून ठेवला. शोधायला जन्म जाईल.

चहा आता मीही बिनसाखरेचाच घेते. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमचं तोंड का वाकडं? साखर माझी वाढलीय."

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी वही बघितली आणि कपाळाला हात लावला. "हे आकडे आहेत की झोपाळा?" मग त्यांनीही तेच विचारलं, कोड जुळतो का. सगळ्यांचं गाडं तिथेच येऊन थांबतं. जुळतो हो, जुळतो. मशीन आणि डबी पर्समध्येच होती, काढून दाखवली. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि इन्सुलिन वाढवून दिलं. लॅबमध्ये एकदा रक्त तपासून घ्या म्हणून चिठ्ठीही दिली. घरात मशीन असताना लॅबला कशाला जायचं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

परत येताना वहिनी जिन्यात म्हणाल्या, "मी काही खात नाही हो, वन्सं." मी म्हटलं, "मी कुठे काय म्हणाले?" पण किल्ली माझ्या गळ्यातच होती आणि ती त्यांना दिसत होती. मोतीबिंदू असला तरी.

२२ फेब्रुवारी

आज भांडण झालं. १९६ आली. मी म्हटलं, "खाई त्याला खवखवे. सांगून टाका एकदा, मी रागावणार नाही." रागावूनच म्हटलं. वहिनी म्हणाल्या, काही खाल्लं नाही. मग माझा बांध फुटला. म्हटलं, तुम्ही खात नाही, कोड जुळतो, इन्सुलिन मी स्वतः देते, मग हे येतं कुठून? माझं डोकं फिरलंय का? मीच झोपेत उठून तुम्हाला भरवते का? मावशीचं शेवटी झालं तसं माझं होतंय का? तिला स्वतःचा नवरा ओळखू येत नव्हता. आणि मी रडले. शिवायला घेतलेल्या पडद्यावर डाग पडले, तो वाचनालयाचा पडदा आहे.

वहिनींनी पडदा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाल्या, "फ्रिजमधला जॅम खाल्ला मी. चमच्याने. रोज थोडा थोडा."

किती हलकं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे माझं डोकं जागेवर आहे. मी लगेच त्यांना माफ केलं. जॅमची बाटली शेजारणीला देऊन टाकावी म्हणून काढली. झाकण फिरता फिरेना, शेवटी टॉवेलने धरून फिरवलं, तर आतला कागद चिकटलेला तसाच. एवढं घट्ट झाकण वहिनींनी कसं उघडलं, आणि कागदाखालून चमचा कसा घातला, देव जाणे. माणूस गोडासाठी काय काय युक्त्या करेल सांगता येत नाही.

२३ फेब्रुवारी

चिरंजीवांना जॅमचं सांगितलं. सांगायला नको होतं. ते म्हणाले, "बस झालं आत्या. रविवारी, तीन तारखेला येतो. आईची बॅग भरून ठेव." मी म्हटलं, आता जॅम घरात नाही. ते म्हणाले, "प्रश्न जॅमचा नाही, नजर ठेवण्याचा आहे."

वहिनींना सांगितलं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि कांदा चिरत राहिल्या. मला वाटलं होतं त्या काहीतरी म्हणतील.

२७ फेब्रुवारी

अक्षर कसं येईल ते येवो.

सकाळी १३१ आली. मला इतका आनंद झाला. वाढवलेलं इन्सुलिन दिलं, चिरंजीवांना फोन करून सांगितलं, बघ, ताळ्यावर आली. वहिनींनी नाश्ता निम्मा टाकला, म्हणाल्या, जीव नको म्हणतोय. बॅग भरायचं निघालं की त्यांचं हे असंच होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. शिवायला बसले.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "वन्सं, थोडी साखर द्या." मी म्हटलं, "आलात का मूळ पदावर?" म्हणाल्या, "अंगातून काहीतरी निघून चाललंय." मी म्हटलं, आत्ताच तर १३१ होती, उत्तम आहात, नाटकं पुरेत. मी हे शब्द वापरले. मग त्या म्हणाल्या, "दे ना ग." उभ्या आयुष्यात त्यांनी मला अगंतुगं केलेलं नाही. वळून बघितलं तर चेहरा पांढरा, कपाळावरून घाम निथळतोय, हात असे हलत होते की पेला धरता येईना. तरी मी आधी मशीन आणलं. पट्टी घातली. ६१.

गळ्यातली किल्ली निघेना. दोरा दातांनी तोडला. साखर पाण्यात ढवळायचंही सुचलं नाही, तशीच चमच्याने भरवली. वहिनी पोरासारख्या खात होत्या.

आता बऱ्या आहेत, झोपल्या आहेत. सकाळी १३१ आणि नाश्ता झाल्यावर ६१. इन्सुलिन दिलं होतं, खाणं निम्मं झालं होतं, हे धरलं तरी माझ्या मनाला पटत नाही. आणखी एक लिहिते. त्या झोपल्यावर मी माझंच बोट टोचून पाहिलं. १०४. लगेच दुसरी पट्टी घेतली, बोट तेच, रक्त तेच. १६२. मी काही खाल्लं नव्हतं, जागची हललेही नव्हते. मग मी नेमकी कोणत्या आकड्याची?

१ मार्च

वाचनालयाच्या बाई पडदे घेऊन परत आल्या. म्हणाल्या, एक पडदा वेगळा दिसतो. रात्री कळत नाही, सकाळच्या उजेडात फिकट वाटतो. मला राग आला, कारण कापड त्यांनीच आणून दिलं होतं, दोन खेपांना. मी म्हटलं, "बाई, रंगाचं नाव एक असलं म्हणून कापड एक होत नाही. दोन तागे वेगवेगळ्या वेळी रंगवलेले असतात, प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो. एका खिडकीला दोन तागे लावू नयेत हे मी पहिल्या दिवशी शिकले. नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, फसवतात ते इथेच."

बाई ओशाळल्या. मी उसवायला घेतलं. सुई बदलायची म्हणून सुयांची डबी उघडली, आणि झाकण हातात तसंच राहिलं. डबीवर छापलंय, सतरा.

बाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "तुम्ही नंतर या."

सगळ्या पट्ट्या कटिंगच्या टेबलावर ओतल्या. सतराच्या कुठल्या, पंचवीसच्या कुठल्या? एकीवरही नंबर नाही. सगळ्या सारख्या, बहिणी बहिणी. महिनाभर मी डबीवरचा नंबर वाचत होते आणि आत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. पंचवीसची पट्टी हाताला लागली की खरं, सतराची लागली की खोटं, खऱ्यापेक्षा चढं. त्या खोट्यावर इन्सुलिन वाढवलं, आणि तशाच खोट्या १३१ ला भुलून मी वहिनींना नाटकी म्हटलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं, एका दमात. म्हटलं, चूक माझी, पहिल्यापासून माझीच. ऐकून त्या म्हणाल्या, "मग त्या मेल्या पट्ट्या टाका आता. अजून भागाकार कसला करताय?" मी खरंच त्यांचे ढीग लावत होते.

मग मला जॅम आठवला. "वहिनी, तुम्ही जॅम खाल्लाच नव्हता?"

"मला जॅम आवडत नाही हे तुम्हाला माहीत नाही? चाळीस वर्षं झाली."

"मग का म्हणालात?"

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मला खोटारडी म्हणालात ते चाललं. पण तुम्ही स्वतःला वेडी म्हणायला लागलात. मग मी काय करणार? कुणीतरी खाल्लेलं असणं भाग होतं."

२ मार्च

पर्समधली चिठ्ठी काढली आणि लॅबमध्ये गेलो. तिथली साखर १२१. नवी डबी आणली, कोड एकतीस, चिप एकतीस, लॅबच्या दारातच मोजली तेव्हा १२६. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन पुन्हा पहिल्यावर आणलं. मी काय केलं ते सांगितल्यावर त्यांनी नुसतं पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनींची साखर बहुतेक पहिल्यापासून ताळ्यावरच होती. हे लिहिताना आनंद व्हायला हवा, पण होत नाही. उद्या चिरंजीव येणार. वहिनी म्हणाल्या, "त्याला जॅमच सांगा. तुमच्यावर कशाला घेता?" दिवसभर माझं मन तिकडेच ओढ घेत होतं. जॅम सांगितला तर वहिनी चोर, खरं सांगितलं तर मी धोक्याची. दोन्हीकडून बॅग भरलेलीच.

३ मार्च, रविवार

खरं सांगितलं. चिरंजीव बूट काढत होते, तेवढ्यातच सांगितलं, नाही तर धीर गेला असता. सुयांची डबी दाखवली, एका बोटाची, दोन आकड्यांची गोष्ट सांगितली, साखर मागितली तेव्हा मी काय म्हणाले तेही सांगितलं.

एक बूट पायात तसाच ठेवून ते उभे राहिले. "तिने साखर मागितली आणि तू दिली नाहीस?"

"नाही दिली. आधी मोजली."

"मग तर आत्या, मी तिला इथे ठेवूच शकत नाही. तूच सांग, ठेवू शकतो का?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही नसती ठेवली, हे मला तिथे उभं असताना अगदी स्पष्ट कळलं. मी बॅग आणायला आत निघाले.

वहिनी म्हणाल्या, "बोट कुणाचं आहे?"

"काय, आई?"

"रक्त माझं, बोट माझं. महिनाभर तुम्ही फोनवर आकडे फेकताय इकडून तिकडे. मला विचारलंय का कुणी? वन्सं, मशीन आणा."

मी मशीन आणलं. चिरंजीव पुढे झाले, "दे, मी करतो." वहिनींनी हात मागे घेतला. मग बोट माझ्यासमोर धरलं. दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"वाचा."

"मशीन एकतीस. डबी एकतीस."

"आणि डबीच्या आत?"

"डबीतल्याच आहेत, वहिनी. कालच फोडली. त्यात काही ओतलेलं नाही."

"जमलं जोडप्याचं. आता टोचा."

१२७ आली. चिरंजीवांनी स्वतः वाचली. मशीन खाली ठेवलं आणि दुसरा बूट काढला. म्हणाले, "दर पंधरवड्याला लॅब. रिपोर्ट मला पाठवायचा."

मी "बरं" म्हटलं.

मग चहा टाकला. चिरंजीवांना चहाबरोबर बिस्किट लागतं, लहानपणापासून. डबा कुठे ठेवला ते मला काही केल्या आठवेना. स्वयंपाकघरातली सगळी फडताळं उघडली, गादीखाली पाहिलं, खण उपसले. इथे लिहून ठेवलं नाही ते शहाणपण आता नडलं.

"माळ्यावर," वहिनी खुर्चीतूनच म्हणाल्या. "अस्तराच्या गठ्ठ्यामागे, डाव्या हाताला."

स्टूल घेऊन चढले. डबा तिथेच होता, वरची चिकटपट्टी न काढलेला, गच्च भरलेला. मी स्टुलावरूनच विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"स्टूल ओढल्याचा आवाज सगळ्या घराला येतो, वन्सं. उतरा आता, त्याचा चहा निवतोय."

मी उतरले. चिरंजीवांनी तीन बिस्किटं खाल्ली. डबा मी खालीच ठेवला, ओट्यावर, साखरेच्या शेजारी.